संत्रा-लिंबू बागेतला मावा आणि ट्रिस्टेझा: नवतीच्या दिवसांत नेमकं काय करायचं

नवती म्हणजे कोवळी पालवी फुटली की मावा ही रस शोषणारी बारीक कीड येते, आणि मावा दिसला की पंप पाठीवर चढतो. वरुड, मोर्शी, काटोल, नरखेडच्या संत्रा पट्ट्यात काय किंवा अकोला-बुलडाण्याच्या कागदी लिंबाच्या बागांत काय, हा क्रम ठरलेला आहे. माव्यासाठी ही फवारणी ठीक. पण मावा ज्या विषाणूला एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेतो, त्या ट्रिस्टेझासाठी ती बहुतेक वेळा उशिराच होते. मावा आटोक्यात ठेवणं आणि ट्रिस्टेझा रोखणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसरं काम पंपाने निम्मंसुद्धा होत नाही.

ट्रिस्टेझाचा विषाणू झाडाच्या सालीतल्या अन्नवाहिन्यांत राहतो. आजारी झाडाच्या कोवळ्या शेंड्यावर मावा अर्धा तास रस शोषत बसला तरी विषाणू त्याच्या सोंडेत आणि घशाच्या अस्तराला चिकटतो. दिवसभर बसला तर जास्त खात्रीने चिकटतो. पुढे थांबण्याची गरज नसते. तोच मावा उडून निरोगी झाडावर बसला की लगेच विषाणू सोडू शकतो. एक-दोन दिवसांत त्याच्या तोंडातला हा विषाणू संपतो. कात टाकली की जातो आणि पिल्लांत तर उतरतच नाही.

याचा व्यवहारातला अर्थ असा. बाहेरून उडत आलेला, विषाणू घेऊनच आलेला मावा तुमच्या औषधाने मरेल, पण मरण्याआधी सोंड टोचून झालेली असेल. म्हणून बाहेरून येणारा रोग फवारणीने अडत नाही. तुमच्याच बागेतल्या आजारी झाडावर वाढून, पंख फुटून शेजारच्या झाडांवर जाणारा मावा मात्र वेळेवर हटवता येतो. तिसरी वाट सगळ्यांत मोठी आहे: आजारी मातृवृक्षावरून कलम बांधण्यासाठी काढलेला डोळा. माव्याला एकेक झाड करत जायला वर्षं लागतात, वाईट डोळाकाडी पहिल्याच दिवशी अख्खा एकर रोगट करते.

मावा ओळखा, सगळा सारखा नसतो

दहापट दाखवणारं भिंग जवळ ठेवा. शेंड्याचं पान उलटं करून पाहा.

पिवळट-हिरव्यापासून गडद हिरव्या-काळपटापर्यंत अनेक छटांचा, एकाच थव्यात वेगवेगळ्या रंगांचा दिसतो तो कपाशीवरचा मावा. वांगी, भेंडी, काकडीवर्गीय वेली आणि जास्वंद हीही त्याची घरं आहेत. ट्रिस्टेझा पसरवण्यात आपल्याकडे यालाच पहिला नंबर द्यावा लागतो, कारण संत्रा पट्टा आणि कपाशी पट्टा एकमेकांना लागून आहेत. चकचकीत काळा आणि भिंगातून मिशांवर काळे-पांढरे पट्टे दिसणारा तो काळा मावा. तोही विषाणू नेतो, पण कमी कार्यक्षमतेने. सफरचंदी हिरव्या रंगाचा मावा पानं घट्ट गुंडाळतो आणि आत बसतो. तो फवारणीला सगळ्यांत त्रासदायक.

चौथा म्हणजे तपकिरी मावा. जगभर ट्रिस्टेझाचा सगळ्यांत कार्यक्षम वाहक हाच. दक्षिण अमेरिकेतल्या बागा याच्यामुळे उजाड झाल्या, १९९५ मध्ये तो फ्लोरिडात पोचला. ईशान्य भारतात तो आहे. तिकडून संत्र्याची रोपं किंवा काड्या हौसेने आणू नयेत, त्यामागचं एक मोठं कारण हे.

मावा समजून भलत्याच किडीवर औषध वाया जातं, तेही टाळा. सिट्रस सायलाची पिल्लं चपटी, पिवळसर-नारिंगी असतात आणि त्यांच्यामागे पांढरे मेणाचे तंतू लोंबतात. प्रौढ सायला पार्श्वभाग वर उचलून तिरका बसतो. तो ग्रीनिंग नावाचा जिवाणूजन्य रोग पसरवतो, ट्रिस्टेझा नाही. आणि पानांवर काळी बुरशी म्हणजे कोळशी दिसली तर काळ्या माशीचीही शंका घ्या. कोळशी माव्याने टाकलेल्या गोड चिकट्यावरही वाढते, पण झाडच्या झाड काळं पडलं असेल तर सहसा काम काळ्या माशीचं असतं.

नवती कधी, मोजणी कशी

मावा जून पानावर टिकत नाही. त्याचं सगळं जगणं नवतीवर, आणि आपल्याकडे नवती तीन वेळा येते: आंबिया बहाराबरोबर जानेवारी-फेब्रुवारीत, मृगात जून-जुलैमध्ये आणि हस्तात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. यातली आंबियाची नवती सर्वांत धोक्याची. हवा थंड-उबदार असते, मावा वीस-पंचवीस अंशांत जोमाने वाढतो. मादीला नर लागत नाही, ती थेट पिल्लं देते आणि ती पिल्लं आठवडाभरात स्वतः पिल्लं द्यायला लागतात. त्याच सुमाराला आसपासची कपाशी वाळत किंवा उपटली जात असते आणि तिच्यावरचा पंखी मावा नवं ठिकाण शोधत असतो. एप्रिलनंतर उन्हाने मावा आपोआप गळतो, मेमध्ये त्याच्यामागे लागण्यात अर्थ नाही.

मोजणी अशी करा. सहा बाय सहा मीटरवर लावलेल्या एकरात सुमारे १११ झाडं असतात. त्यातली २५ झाडं निवडा: दोन्ही तिरप्या रेषांत चालत जा, आणि बांधालगतची, विशेषतः कपाशीच्या बाजूची पाच-सहा झाडं त्यात आवर्जून घ्या. प्रत्येक झाडाच्या चार बाजूंना खांद्याच्या उंचीवर एकेक नवती बघा. झाल्या शंभर नवती, जितक्यांवर मावा तितका टक्का. डोळे फुटायला लागल्यापासून पानं कडक होईपर्यंत दर पाच दिवसांनी हे करा. पंधरा दिवसांनी एकदा पाहणं म्हणजे दोन पिढ्या निसटून जाणं.

पिवळे चिकट सापळे एकरी आठ-दहा लावले तर पंखी मावा यायला लागल्याचं लवकर कळतं. सापळ्याने मावा कमी होत नाही, फक्त बातमी मिळते. सापळा झाडाच्या शेंड्याच्या उंचीला, बांधाच्या बाजूने टांगा.

उत्पादन देणाऱ्या बागेत शंभरातल्या पंचवीसेक नवतींवर मावा दिसला की फवारणीचा विचार करावा, असं आमचं मत. चार वर्षांखालील बागेत दहावरच हालचाल करा, कारण कोवळ्या वयात शिरलेला ट्रिस्टेझा झाडाला आयुष्यभर खुरटं ठेवतो. रोपवाटिकेत एकही मावा खपवून घ्यायचा नाही.

नवती लांबवणारी कामं आपणच करतो, तिथे हात आखडा. युरियाचा मोठा हप्ता एकदम टाकला, बहारासाठी पाणी बंद ठेवून दिलेला ताण अर्धवट तोडला, एका भागाला पाणी आधी आणि दुसऱ्याला नंतर दिलं, की बागेत महिना-दीड महिना कुठे ना कुठे कोवळं पान राहतं आणि मावा एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात सरकत राहतो. ताण सगळ्या बागेचा एकसारखा द्या, एकसारखा तोडा, नत्र विभागून द्या. पानसोट म्हणजे फळ न देणारे जोमदार फुटवे दिसले की बुंध्याजवळून काढा. त्यांच्यावर बाराही महिने कोवळं पान असतं, दोन बहारांच्या मधला मावा तिथेच दिवस काढतो.

लहान बागेत आंतरपीक घेताना वांगी, भेंडी, मिरची, काकडी, टरबूज नको. सोयाबीन, हरभरा चालेल. बांधावर ज्वारी किंवा मक्याच्या दोन-तीन ओळी फायद्याच्या: त्यांच्यावरचा मावा वेगळा असतो, तो संत्र्यावर वसत नाही, पण त्याच्यावर वाढलेले मित्रकीटक मात्र संत्र्याकडे येतात.

फवारणी

पहिल्या फवारणीला ५ टक्के निंबोळी अर्क पुरतो. वाळलेल्या ५ किलो निंबोळ्या कुटा, ९ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. एक लिटर पाण्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा वेगळा विरघळवा. सकाळी अर्क दुहेरी फडक्यातून गाळा, साबणाचं पाणी मिसळा आणि एकूण १०० लिटर करा. त्याच दिवशी, उन्हं उतरल्यावर मारा. उरलेला अर्क दुसऱ्या दिवसासाठी ठेवला तर त्याचा गुण जातो. निंबोळ्या मिळत नसतील तर निंबोळी तेल १० लिटर पाण्याला १०० मिली, चिकटद्रव्यासह. साबण कमी पडला तर तेल वर तरंगतं आणि पंपातलं शेवटचं पाणी पानं जाळतं, म्हणून पंप अधूनमधून हलवत राहा.

हवेत ओल असेल तर व्हर्टिसिलियम लेकॅनी ही माव्याला मारणारी बुरशी ५ ग्रॅम प्रतिलिटर संध्याकाळी मारता येते. मृग आणि हस्ताच्या नवतीत ती चांगली चालते, कोरड्या फेब्रुवारीत निराशा करते. तिच्या आगेमागे आठवडाभर बुरशीनाशक मारू नका.

रासायनिक औषधाची पाळी आली तर इमिडाक्लोप्रिड १७.८ एसएल ५ मिली किंवा थायामेथोक्झाम २५ डब्ल्यूजी ३ ग्रॅम, १० लिटर पाण्यात. लिंबूवर्गीय फळांसाठी लेबलवर काय लिहिलंय आणि तोडणीआधी किती दिवस थांबायचं, हे डब्यावर वाचूनच घ्या, लेबलं बदलत असतात. फुलं उमललेली असताना ही दोन्ही औषधं बागेत नकोत. मधमाशा मरतात आणि फळधारणेला फटका तुम्हालाच बसतो. आंबियात फवारायचंच असेल तर कळ्या उमलण्याआधी किंवा पाकळ्या गळून गेल्यावर.

औषध का चालत नाही, याची तीन कारणं वारंवार दिसतात. पहिलं, वळलेली पानं: हिरव्या माव्याने पान गुंडाळल्यावर स्पर्शजन्य औषध आत पोचत नाही, म्हणून पानं वळण्याआधी मारा किंवा आंतरप्रवाही (झाडाच्या रसात उतरणारं) औषध घ्या. दुसरं, फवारा वरून पडतो आणि मावा पानाखाली असतो. होलो कोन (पोकळ शंकूसारखा फवारा देणारं) नोझल घ्या, खालून वर मारा. तिसरं कारण कपाशीचं आहे. कपाशीचं बियाणं इमिडाक्लोप्रिड लावूनच येतं, वर त्याच गटाच्या फवारण्या होतात. तिथून तुमच्या बागेत येणारा मावा या गटाला आधीच सरावलेला असू शकतो. एका हंगामात याच गटाची दुसरी फवारणी करू नका. इमिडाक्लोप्रिडनंतर थायामेथोक्झाम मारणं म्हणजे औषध बदलणं नव्हे, दोन्ही एकाच गटातली.

सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं टाळा. मावा दोन दिवस मेलेला दिसतो, मित्रकीटक साफ होतात, आणि महिनाभरात लाल कोळी डोकं वर काढतो.

मुंगळे आणि मित्रकीटक

खोडावर मुंगळ्यांची रांग वर जात असेल तर वर मावा किंवा पिठ्या ढेकूण आहे असं समजा. चिकट्याच्या बदल्यात मुंगळे माव्याची राखण करतात, ढालकिड्यांच्या अळ्यांना हुसकतात. खोडाभोवती चार बोटं रुंदीची प्लास्टिकची पट्टी घट्ट बांधा आणि तिच्यावर ग्रीस लावा. सालीवर थेट ग्रीस लावू नका, साल फुटते. जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटल्या नाहीत तर मुंगळे दुसऱ्या वाटेने चढतात आणि पट्टी फुकट जाते.

माव्याच्या थव्यात काळी, लांबुडकी, नारिंगी ठिपक्यांची, मगरीसारख्या अंगाची अळी दिसली तर ती ढालकिड्याची. तिला शत्रू समजून औषध मारणारे खूप आहेत. हिरवट, बिनपायांची, गोगलगायीसारखी सरकणारी अळी सिरफिड माशीची. फुगून पिवळट-तपकिरी, कागदासारखा झालेला मावा परोपजीवी गांधीलमाशीने आतून खाल्लेला असतो. दर तीन थव्यांपैकी एकात यातलं काही दिसलं तर फवारणी चार दिवस पुढे ढकला आणि पुन्हा मोजा.

झाडात ट्रिस्टेझा आहे का

इथे घाई नको. संत्र्याचं झाड सुकतंय म्हणजे ट्रिस्टेझाच, असं नाही. विदर्भातल्या भारी काळ्या जमिनीत डिंक्या आणि मूळकूज जास्त झाडं मारतात. खोडावर डिंक असेल, बुंध्याजवळची साल कुजून तपकिरी झाली असेल, उकरल्यावर तंतुमुळांची साल बोटाने निसटत असेल तर आधी पाण्याचा निचरा आणि मुळं कुजवणारा फायटोफ्थोरा बघा. पानाच्या नसा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर जस्ताची कमतरता. पानाच्या मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना न जुळणारे पिवळे डाग असतील तर ग्रीनिंगची शंका.

ट्रिस्टेझा सगळ्यांत स्पष्ट दिसतो तो कागदी लिंबावर. नुकतंच पूर्ण उघडलेलं, अजून कडक न झालेलं पान तोडा आणि सूर्याकडे धरा, सूर्य पानाच्या मागे येईल असं. निरोगी पानाच्या बारीक नसा सलग हिरव्या दिसतात. रोगट पानात त्याच नसांवर तुटक तुटक, तांदळाच्या कणीएवढ्या उजळ रेघा दिसतात, जणू तिथे हिरवा रंग भरायचा राहिला. सावलीत किंवा जून पानात हे दिसत नाही. अशी पानं पुढे वाटीसारखी वळतात. मग दोन-तीन वर्षांच्या फांदीची साल बोटभर लांबीची सोलून काढा. आतल्या लाकडावरून नख फिरवा. लांबट खाचा लागल्या आणि सालीच्या आतल्या बाजूला त्या खाचांत बसणारे उंचवटे दिसले तर ट्रिस्टेझाची दाट शंका घ्या. सोललेल्या जागी बोर्डो पेस्ट लावा.

जंबेरी खुंटावरच्या (खुंट म्हणजे ज्यावर कलम बांधतात ते रोप) संत्र्यात हा विषाणू वर्षानुवर्षं गुपचूप राहतो, कारण जंबेरी आणि रंगपूर लाईम हे खुंट त्याला बऱ्यापैकी सहन करतात. झटपट वाळण्याचा प्रकार मुख्यतः सावर ऑरेंज म्हणजे आंबट संत्र्याच्या खुंटावर बांधलेल्या संत्रा-मोसंबीत होतो. दक्षिण अमेरिकेत गेल्या शतकात लाखो झाडं मेली ती याच जोडीमुळे. म्हणून संत्रा-मोसंबीत डोळ्याला दिसणाऱ्या लक्षणांवर विसंबू नका, प्रयोगशाळेत एलायझा किंवा पीसीआर चाचणी करा.

नमुना घेण्याची वेळ महत्त्वाची. कडक उन्हाळ्यात झाडातला विषाणू कमी होतो आणि आजारी झाडही निरोगी म्हणून येतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगला. झाडाच्या चारही बाजूंच्या कोवळ्या, पण तगलेल्या, वीतभर काड्या पानांसकट घ्या, कारण विषाणू सगळ्या फांद्यांत सारखा पसरलेला नसतो. ओलसर कागदात गुंडाळून पिशवीत घाला, झाडाचा क्रमांक लिहा, थंड डब्यातून दोन दिवसांत पोचवा.

झाड ठेवायचं की काढायचं

चार वर्षांखालचं, खुरटलेलं आणि चाचणीत सापडलेलं झाड काढा. ते पुढे भरभराटीला येण्याची आशा नसते आणि माव्याला मात्र रोज विषाणू पुरवत राहतं. जंबेरीवरचं, दहा-पंधरा वर्षांचं, नीट फळणारं झाड चाचणीत सापडलं तरी ठेवायला हरकत नाही. त्याच्यावर खूण करा आणि त्याचा डोळा कधीही घेऊ नका. खचलेली लिंबाची झाडं सल (वाळक्या फांद्या) काढत, खतं घालत ओढत राहण्यात पैसा जातो.

झाड काढण्याआधी त्यावर माव्याचं औषध मारा आणि तीन-चार दिवस थांबा. न मारता तोडलं तर शेंडे सुकायला लागताच पंखी मावा उठतो आणि थेट शेजारच्या झाडांवर बसतो. खोड मुळासकट काढा, ठुंठ राहिलं तर त्याला धुमारे फुटतात. ट्रिस्टेझा मातीत राहत नाही, त्यामुळे त्याच जागी नवं रोप लावता येतं. मूळकुजीसाठी खड्डा उन्हात तापू द्या.

डोळाकाडी आणि रोप

ट्रिस्टेझाविरुद्धची खरी लढाई रोपवाटिकेतच होते. बियातून तो येत नाही, म्हणून खुंटाची रोपं बहुधा शुद्ध असतात. डोळ्यातून मात्र तो येतो. शेंदुरजना घाटच्या रोपवाटिका असोत की इतर कुठल्या, रोप घेताना तीन गोष्टी विचारा: मातृवृक्षाची चाचणी कधी झाली, तो जाळीत आहे की उघड्यावर, आणि खुंट जंबेरी की रंगपूर. जोड जमिनीपासून वीतभर किंवा जास्त उंच हवा. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत शेंड्याच्या सूक्ष्म कलमाने रोगमुक्त केलेली रोपं तयार होतात. स्वतःचा मातृवृक्ष करायचा तर सुरुवात तिथल्या रोपापासून करा, नोंदणी वेळेआधी करावी लागते.

जाळीघर ५० मेशचं (इंचाला पन्नास छिद्रं), दोन दारांचं. दोन दारांमध्ये दोन पावलं अंतर ठेवा, एकावेळी एकच उघडा. पिवळे कपडे घालून आत जाऊ नका, मावा पिवळ्यावर येतो. जाळीला एक भोक पडलं तर सगळा खर्च पाण्यात, म्हणून दर आठवड्याला जाळी तपासा.

मातृवृक्षाची तपासणी घरच्या घरीही करता येते, फक्त चिकाटी हवी. पेन्सिलीएवढ्या जाडीची कागदी लिंबाची बियापासूनची पाच रोपं जाळीत वाढवा. चार रोपांवर मातृवृक्षाचे दोन-दोन डोळे बांधा, पाचवं तसंच ठेवा. तीन आठवड्यांनी पट्टी सोडा. डोळे हिरवे असतील तर रोपाचा शेंडा डोळ्याच्या वर अर्धा छाटा, म्हणजे लिंबाची नवती फुटेल. पुढचे दोन महिने प्रत्येक नवं पान उन्हाकडे धरून पाहा. चौघांपैकी एकावरही तुटक उजळ रेघा दिसल्या आणि पाचवं रोप स्वच्छ असलं, तर तो मातृवृक्ष बाद. हे काम थंडीत करा. उन्हाळ्यात लक्षणं दबतात आणि खोटं समाधान मिळतं.

डोळे बांधण्याचा चाकू आणि छाटणीची कात्री दर झाडानंतर १ टक्का क्लोरीनच्या द्रावणात बुडवा. सोडियम हायपोक्लोराईटची ४-५ टक्क्यांची बाटली असेल तर एक भाग औषधाला चार भाग पाणी. द्रावण रोज ताजं करा, नंतर पातं पाण्याने धुऊन तेल लावा, नाहीतर गंजतं. ट्रिस्टेझा चाकूने फारसा पसरत नाही, पण खुंटाची साल फोडणारा एक्झोकॉर्टिस नावाचा रोग चाकूनेच झाडोझाड जातो.

कागदी लिंबाची नवी लागवड असेल तर साई शरबती या वाणाचा विचार करा, तो ट्रिस्टेझा आणि खैऱ्या (पानाफळांवर खरबरीत डाग पाडणारा रोग) या दोन्हींना बऱ्यापैकी सहन करतो. लिंबाची लागवड बियांपासूनच्या रोपांनी होत असल्याने रोप स्वच्छ येतं, पण बागेत आल्यावर पहिली तीन वर्षं प्रत्येक नवतीला मोजणी चुकवू नका, आणि जुन्या खचलेल्या लिंबाच्या बागेला लागून नवी लागवड करू नका. तीच जागा असेल तर आधी जुनी झाडं काढा, मगच खड्डे घ्या.